हेतूची चौकट

बाईंच्या हातात कुठलाही कागद आला की त्या आधी तो उलटा करून पाठ बघायच्या. कागद साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या अर्जाची नक्कल असो, पिझ्झाची जाहिरात असो, नाहीतर डेंटिस्टने पाठवलेलं वाढदिवसाचं कार्ड असो, आधी पाठ. मग चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाशी न्यायच्या, पुढची बाजू सावकाश वाचायच्या आणि मान वर न करता विचारायच्या, "बरं. आता याला काय हवंय?"

डेंटिस्टला काय हवंय हे मलाही कळत होतं. पण बाईंचं तेवढ्यावर भागायचं नाही. या वर्षी कार्डावर पेनने सही का केलीय, गेल्या वर्षी नुसता शिक्का का होता, समोरच्या प्लाझात नवा डेंटिस्ट कधी आला, हे सगळं जुळवून झाल्यावरच कार्ड फाईलला लागायचं. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापुढे साधं 'कसे आहात' म्हणतानाही आपण काहीतरी मागायला आलोय असं वाटतं. बाई त्यातल्या होत्या. फरक इतकाच, की बाईंना या कामाचा पगार मिळायचा.

मी नागपूरची. मार्कहॅमला एका टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहीत होते. दोन हजार सालानंतर त्या धंद्याला उतरती कळा लागली आणि आमचा अख्खा मजला घरी बसला. आठ महिने इकडेतिकडे अप्लाय करून झाल्यावर टोरोंटोतल्या एका विद्यापीठाच्या इतिहास विभागात कॉन्ट्रॅक्ट मिळालं. मध्ययुगाच्या अखेरच्या इंग्लंडमधले अर्ज आणि पत्रं यांचा डेटाबेस तयार करायचा होता. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "काऊन, तिथले आताचे लोक अर्ज करत नाहीत का?"

आमची खोली बेसमेंटमध्ये होती. पहिल्या दिवशी आत गेले तर मायक्रोफिल्म वाचायच्या यंत्रामागून एक पांढरा अंबाडा वर आला. अंगात दोन स्वेटर, पायात जाड मोजे, वय साठीच्या पुढे. त्यांनी माझं नेमणुकीचं पत्र घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, आणि चक्क मराठीत विचारलं, "कुठली तू?"

"नागपूरची."

"मग नागपूरकर. आमच्यात सगळे 'कर'च असतात, आता तूही हो."

आमच्यात म्हणजे बेने इस्राएलांत. बाई अलिबागजवळच्या एका गावातल्या ज्यू कुटुंबातल्या. आजोबांचा तेलाचा घाणा होता, तो शनिवारी बंद असायचा. बाई मुंबईला इतिहास शिकल्या, काही वर्षं कॉलेजात शिकवलं, मग नवऱ्याबरोबर कॅनडात आल्या आणि इथे जुनी इंग्रजी अक्षरं वाचायला शिकल्या. मी भेटले तेव्हा नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. मार्कहॅममध्येच राहायच्या, त्यामुळे 'गो' नावाच्या लोकल ट्रेनने आमचं जाणंयेणं बरोबर सुरू झालं.

ती अक्षरं मी एकदा बघितली. एकाही शब्दाचा पत्ता लागेना. बाई मात्र वर्तमानपत्र वाचावं तशा वाचायच्या. काळ मोठा अवघड होता. राजघराण्याच्या दोन शाखा, यॉर्क आणि लँकेस्टर, गादीसाठी एकमेकांवर उठलेल्या. बडे सरदार आज या बाजूला, उद्या त्या बाजूला. आणि त्यांच्या पायाशी लहान लहान जमीनदार, ज्यांना कुणाची तरी बाजू धरल्याशिवाय गाव सांभाळता येत नव्हतं. हे लहान लोक मोठ्यांना अर्ज करायचे. तेच आमचे कागद. मी एकदा "ते गुलाबांचं युद्ध ना?" म्हणाले तर बाई चिडल्या. "गुलाब नंतरच्यांनी चिकटवले. तेव्हा होते ते फक्त शेजारी."

मी डेटाबेसचा फॉर्म केला. त्यात चार चौकटी ठेवल्या: प्रेषक, प्रति, काळ, मागणी. बाईंनी पाचवी मागितली. हेतू. आणि ती भरल्याशिवाय नोंद सेव्हच होता कामा नये.

आमचे प्राध्यापक भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "मागणी कागदावर लिहिलेली असते. हेतू हे आपलं मत झालं."

"मागणी काय ते कुणीही लिहील," बाई म्हणाल्या. "का मागितलं ते लिहायचं नसेल तर मला या तळघरात कशाला बसवलंय?"

 मी चौकट मँडेटरी केली. ती रिकामी ठेवली की स्क्रीनवर लाल अक्षरात सूचना यायची. बाईंना ती लाल सूचना फार आवडायची. सुरुवातीला त्या मुद्दाम चौकट रिकामी ठेवून ती आणायच्या आणि हसायच्या.

त्यांचं काम कसं चालायचं ते एका अर्जावरून सांगते. एका जमीनदाराने एका बड्या सरदाराला लिहिलं होतं, की शेजाऱ्याच्या माणसांनी माझं कुंपण तोडलं, न्याय द्या. मी म्हटलं, "हेतू, कुंपणाची भरपाई." बाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "कुंपण तो स्वतः एका दिवसात बांधेल गं. तो शेजारी दुसऱ्या सरदाराचा बिल्ला छातीवर लावून फिरतो. हा या सरदाराला विचारतोय, मी तुमचा लावू का? कुंपण हे नुसतं निमित्त." पुढे दोन महिन्यांनी तिसऱ्याच एका कागदात त्या जमीनदाराचं नाव सापडलं, त्या सरदाराच्या माणसांच्या यादीत. बाईंनी नुसती भुवई उडवली.

त्यांचं चुकत नसे, हीच तर अडचण होती. आमच्या मराठी मंडळात त्या सुमारास दोन तट पडले होते. संक्रांतीच्या कार्यक्रमाला एका तटाच्या स्वयंसेवकांनी केशरी बिल्ले लावले, दुसऱ्यांनी हिरवे. मी बाईंना तिळगुळाला घेऊन गेले होते. त्या हातात वाटी घेऊन कोपऱ्यात दहा मिनिटं उभ्या राहिल्या आणि मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "तो हिरवा बिल्लावाला बघ. कोट काढताना केशरी बिल्ला खिशातून पडला त्याचा. फेब्रुवारीत फुटणार हा." तो फेब्रुवारीतच फुटला. घरी येताना गाडीत मी पोट धरून हसले होते.

एकाच माणसापुढे बाई हरल्या होत्या. त्यांच्या शेजारी एक चिनी आजोबा राहायचे. बर्फ पडला की ते सकाळी आपला ड्राइव्हवे शोव्हल करायचे आणि मग काही न बोलता बाईंचाही करायचे. त्यांना इंग्रजी बेताचंच यायचं. बाई तीन हिवाळे त्यांच्या हेतूचा तपास करत होत्या. आधी वाटलं, दोघांच्या मधलं मेपलचं झाड त्यांना तोडायचं असेल. मग वाटलं, मुलासाठी बाईंचं घर बघून ठेवलं असेल.

"बाई, लवकर जाग येत असेल त्यांना," मी म्हटलं.

"जाग आली तर माणूस चहा पितो. दुसऱ्याचा बर्फ उचलत नाही."

त्यांनी आजोबांना कधी थँक यूसुद्धा म्हटलं नाही. थँक यू म्हटलं की आपण बांधले गेलो, असं त्यांचं म्हणणं.

कागदांमधल्या एका माणसावर मात्र बाईंचा खास राग होता. गादीवर होता लँकेस्टर घराण्याचा राजा. त्याची एकाएकी मती गेली. वर्षभराहून अधिक काळ तो कुणाला ओळखेना. पोटचा मुलगा आणून समोर धरला तरी नजर खाली घालून बसून राहिला. मग सरदारांनी राजाच्याच भाऊबंदांपैकी यॉर्कच्या सरदाराला राज्याचा संरक्षक नेमलं. त्याने कारभार बघितला, पण राजा सावरल्यावर त्याला बाजूला केलं. पुढे तो गादीवर हक्क सांगायला उठला, लढाईत पडला, आणि शत्रूंनी त्याचं डोकं वेशीवर टांगलं. सांगतात, की वर कागदाचा मुकुट घातला होता.

"संरक्षक म्हणे!" बाई म्हणायच्या. "म्हातारा खुर्चीत बसलेला असतानाच खुर्ची मोजत होता." त्या सरदाराच्या प्रत्येक कागदावर त्यांनी हेतू लिहिला होता: गादी. राजा माझ्या हिशेबाने तेव्हा जेमतेम बत्तीस-तेहतीस वर्षांचा होता. त्याला बाई म्हातारा का म्हणतात, हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं नाही. मार्कहॅम ज्यात येतं त्या यॉर्क रीजनमध्ये राहून यॉर्कला इतक्या शिव्या देणारं दुसरं कुणी नसेल, एवढंच म्हणून मी त्यांना चिडवायची.

पहिल्याच वर्षी एका सकाळी बाई कामावर आल्या त्या एक पत्र घेऊन. भारतातून आलेलं, मराठीत, वळणदार अक्षरात. फॉर्म नवीन होता आणि मी चाचणीसाठी खोट्या नोंदी भरत होते. बाई म्हणाल्या, "खोट्या कशाला? ही खरी घे. एक नंबरला घाल."

त्यांनी पत्र उलटं करून पाठ बघितली आणि मग वाचून दाखवलं. चार ओळी होत्या. 'प्रिय ताई, तुझा पत्ता एकाकडून मिळाला. मी बरा आहे. तू एकदा ये. मलिदा करू. बाकी काही नाही.' मलिदा म्हणजे त्यांच्यातला नवसाचा, आभाराचा विधी. गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळं, आणि त्या ताटाभोवती घरची सगळी माणसं.

"तुम्हाला भाऊ आहे?" मी विचारलं. चार महिन्यांत त्यांनी नाव काढलं नव्हतं.

"आहे. धाकटा."

मग त्यांनी सांगितलं. बाईंचे वडील गावच्या सिनेगॉगचे मुकादम होते, म्हणजे समाजाचे प्रमुख. मोठा मान. गावात दुसरा एक गट होता, त्याला ते खुपायचं. एका वर्षी त्या गटाने सभा बोलावली, मुकादम बदलायचा म्हणून. बाई मुंबईहून मुद्दाम गेल्या. बायका वर माडीवर बसायच्या, तिथून खालचं सगळं दिसायचं. मोजणी हात वर करून झाली. दोन्हीकडे सारखे हात होते. मग बाईंच्या भावाने हात वर केला, वडिलांच्या विरुद्ध. वडील काठी घेऊन उठले आणि कुणाशी न बोलता बाहेर गेले. पुढच्या वर्षी भाऊ स्वतः मुकादम झाला. वडील दोन वर्षांत गेले.

"धक्क्याने गेला माझा बाप," बाई म्हणाल्या. "मी जायची तर मला आईच्या नावाने हाक मारायचा. इतका खचला होता." त्यानंतर बाई भावाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. पंचवीस वर्षं होऊन गेली होती.

"मग आता जा ना. बोलावतोय तो."

"कशाला बोलावतोय?" त्यांनी बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं. "'बाकी काही नाही.' ज्याच्या मनात बाकी काही नसतं तो असं लिहितो का? वय झालं. मागून लोक बोलत असतील. थोरली बहीण परदेशातून येऊन ताटाला बसली की तोंडं बंद. मला साक्षीला बोलावतोय." आणि त्यांनी मला फॉर्म भरायला लावला. प्रेषक, भाऊ. प्रति, बहीण. मागणी, एकदा ये, मलिदा करू. हेतू, आपली बाजू धुऊन घेणे.

मी तो टाइप केला. हसतसुद्धा होते. बाईंचं चुकत नाही याची मला इतकी सवय झाली होती, की पत्रात एका म्हाताऱ्या माणसाचं अक्षर थरथरलं होतं, ते दिसूनही मी काही म्हटलं नाही. या गोष्टीचा मला अजून त्रास होतो.

नंतर एक-दोनदा मी विषय काढला. "एक फोन करा ना बाई. नुसता फोन."

"फोन केला की तो जिंकला."

पत्राचं उत्तर गेलं नाही. मध्ये वर्षं गेली. माझं कॉन्ट्रॅक्ट दरवर्षी वाढत राहिलं, कागद संपेनात. दर रोश हशानाला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला, बाई गव्हाच्या चिकाचा हलवा करून आणायच्या आणि मी तो सगळा खायची. भावाचं पत्र त्यांच्या टेबलाच्या वरच्या खणात होतं. ते त्यांनी फेकलं नव्हतं, हे मी बघितलं होतं.

मग एका फेब्रुवारीत विद्यापीठाच्या पत्त्यावर बाईंना आणखी एक पत्र आलं. टपाल मीच वरून घेऊन आले. बाईंनी पाकीट फोडलं, कागद उलटा केला, पाठ बघितली आणि वाचायला लागल्या. वाचून झाल्यावर पुन्हा उलटा केला. पाठीवर काहीच नव्हतं, तरी बराच वेळ तिकडेच बघत राहिल्या. 'याला काय हवंय' हे त्या म्हणाल्या नाहीत. पत्र माझ्याकडे सरकवलं.

भाचीचं पत्र होतं. तिने आत्याचं नाव कुणाकडून तरी इंटरनेटवर शोधून घेतलं होतं. बाबा गेले, महिन्याचे विधी झाले, आता लिहिते, असं सुरुवातीला होतं. आणि पुढे: 'बाबांनी जिवंत असेपर्यंत सांगू दिलं नाही. आजोबांना विसर पडायला लागला होता. योम किप्पूरच्या उपासाला त्यांनी एकच प्रार्थना तीनदा म्हटली आणि मागची मुलं हसली. पायउतार व्हा म्हटलं तर ते ऐकेनात. डोकं चालत नाही म्हणून काढला असं कुणी म्हणू नये, म्हणून बाबांनीच दुसऱ्या बाजूच्या लोकांना गाठून सभा बोलावायला लावली. हरलेल्या माणसाला लोक मान देतात, विसरलेल्याला हसतात, असं बाबा म्हणायचे. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही रागाच्या भरात सगळ्यांसमोर बोलला असता, म्हणून तुम्हालाही सांगितलं नाही. तुमची वाट मात्र बघायचे.'

मी पत्र खाली ठेवलं. 

"मला आईच्या नावाने हाक मारायचा," बाई म्हणाल्या. "मी समोर उभी, आणि मला ओळखत नव्हता. आणि मी समजले, याने खचवलं त्याला."

मग त्यांनी फोन उचलला आणि टोरोंटोतल्या त्यांच्या समाजातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांना लावला. भाऊ कधी गेला ते सांगितलं, आज काय तारीख ते सांगितलं, आणि "हो, हो" म्हणत ऐकून घेतलं. फोन ठेवून मला म्हणाल्या, "महिन्याच्या आत कळलं असतं तर सात दिवस दुखवट्याला जमिनीवर बसायचं असतं. महिना उलटून गेला की एक तास. बातमी कळली तिथेच बसलं तरी चालतं." त्यांचा आवाज अगदी रोजचा होता.

त्यांनी बूट काढले. बर्फावर टाकायच्या मिठाचे पांढरे डाग होते त्यांवर. दोन कपाटांच्या मधल्या जागेत, भिंतीला टेकून त्या जमिनीवर बसल्या. मी दार आतून लावून घेतलं आणि त्यांच्या समोर बसले.

"तू खुर्चीवर बस. तू काही नात्यातली नाहीस."

मी उठले नाही. त्यांनीही पुन्हा सांगितलं नाही.

"तास झाला की सांग," त्या म्हणाल्या. घड्याळ त्यांच्या डोक्यावर भिंतीला होतं, मलाच दिसत होतं.  मग म्हणाल्या, की लहानपणी घाण्याच्या बैलामागे चालायची पाळी दोघांची असायची आणि भाऊ त्यांची पाळीही चालायचा. का चालायचा, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मग म्हणाल्या, की पोहताना तो त्यांचा हात सोडायचा नाही. मग रडल्या. मी इतकी वर्षं बघत होते, बाईंना रडताना पहिल्यांदा बघितलं. "तीस वर्षं, नागपूरकर," त्या म्हणाल्या, "आणि आता एक तास."

तो तास केव्हाच होऊन गेला. मी सांगितलं नाही. बाहेर कुणीतरी दार वाजवलं आणि निघून गेलं. शेवटी त्यांनीच विचारलं, "झाला का गं?" मी घड्याळाकडे बघून म्हटलं, "अजून पाच मिनिटं आहेत." त्या पाच मिनिटं आणखी बसल्या. उठताना मी त्यांना हात दिला, तो त्यांनी धरला.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या. "ती हेतूची चौकट. ती रिकामी ठेवली तरी नोंद सेव्ह झाली पाहिजे."

"बाई, प्राध्यापक काय म्हणतील? तुम्हीच भांडून मँडेटरी करून घेतली होती."

"त्यांना सांगते मी, माझं चुकलं होतं म्हणून."

त्यांनी खरोखरच वर जाऊन सांगितलं. प्राध्यापक नंतर मला एकटीला विचारायला आले, की बाईंची तब्येत बरी आहे ना. मी एक ओळ बदलली. लाल सूचना यायची बंद झाली.

मला वाटलं होतं, बाई आता सगळ्यांना माफ करत सुटणार. तसं काही झालं नाही. सरदारांचे, जमीनदारांचे हेतू त्या पहिल्यासारखेच धारदार लिहीत राहिल्या. फक्त यॉर्कच्या त्या संरक्षकाचे कागद पुन्हा काढले आणि 'गादी' खोडून प्रत्येकावर लिहिलं, 'सांगता येत नाही.' एकदा ट्रेनमध्ये खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तो खरंच राज्य सांभाळत असला तर गं? निदान सुरुवातीला?"  स्टेशन यायच्या आधी म्हणाल्या, "त्या कागदाच्या मुकुटाचं वाईट वाटतं."

त्या वर्षी रोश हशानाला हलव्याचे दोन डबे झाले. एक माझा, एक शेजारच्या आजोबांचा. बाईंनी तो स्वतः नेऊन दिला. आजोबांनी डबा उलटा करून बुडाखाली बघितलं आणि मग उघडला, असं त्यांनी मला सांगितलं आणि खूप हसल्या. डिसेंबरच्या शेवटचं भारताचं तिकीट काढलं होतं. भाचीला पत्र गेलं होतं, मलिद्याची तयारी कर म्हणून. टेबलाच्या खणातलं भावाचं पत्र आता बाईंच्या पर्समध्ये असायचं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बर्फ पडला. आजोबांनी आपला ड्राइव्हवे केला, मग बाईंचा केला, आणि दाराशी वर्तमानपत्र तसंच पडलेलं त्यांना दिसलं. दुपारी पुन्हा आले तरी तिथेच होतं. त्यांनीच फोन करून माणसं बोलावली. बाई झोपेतच गेल्या होत्या. बॅग अर्धी भरलेली होती.

अंत्यविधीला आम्ही फार जण नव्हतो. त्यांच्यात कबरीत माती लोटायची ती आलेल्या माणसांनीच. पहिल्या खेपेला फावडं उलटं धरायचं असतं, माती पाठीवर घ्यायची, कारण हे काम कुणाला करावंसं वाटत नाही. ते कुणीतरी सांगितल्यावर मला बाईंचे हात आठवले, कागद उलटा करणारे. मला नीट माती उचलता आली नाही. माझ्यानंतर शेजारचे आजोबा पुढे आले. त्यांनीही पहिल्यांदा उलटं धरलं, मग सुलटं केलं, आणि मग ते थांबलेच नाहीत. कुणीतरी फावडं मागायला हात पुढे केला, तो त्यांना दिसला नाही. ते रोजच्यासारखे, कडा साफ करत, शेवटपर्यंत माती भरत राहिले. मी भाचीला त्या संध्याकाळी फोन केला. ती म्हणाली, आम्ही ताट आत्याच्या नावाने करतो.

पुढच्या वर्षी प्रकल्प संपला. डेटाबेस एका मोठ्या ग्रंथालयाकडे जाणार होता आणि देण्याआधी तो साफ करायचं काम माझं होतं. हेतूची चौकट किती नोंदींत रिकामी आहे, ते बघायला मी यादी काढली. बाईंनी चौकट सुटी करून घेतल्यानंतर शेकडो कागद भरले होते, तेव्हा बरीच मोठी यादी येईल असं वाटलं होतं.

एकच नोंद आली. नंबर एक. प्रेषक, भाऊ. प्रति, बहीण. मागणी, एकदा ये, मलिदा करू. हेतूच्या चौकटीत मी टाइप केलेलं सगळं पुसलेलं होतं आणि त्या जागी त्यांनी काहीही लिहिलं नव्हतं. बदल केल्याची वेळ होती बेसमेंटमधल्या त्या तासाच्या दुसऱ्या दिवसाची. मी ती एक ओळ बदलली आणि जेवायला वर गेले, त्यानंतरची.

प्राध्यापकांची ईमेल आली होती, की देण्याआधी चाचणीच्या नोंदी काढून टाक.

मी बाकीच्या काढल्या.